मीटर म्हणतो 63, शेजारी म्हणतात तावदानं हलतात

प्रश्न : दादा, माझं म्हापशात साउंड रेंटलचं काम आहे, सीझनला वागातोर-हणजूण साइडला टेक्नोचे ओपन एअर शो करतो. परवा कन्सोलपाशी (मिक्सर चालवतो तिथे) आवाज 96 डेसिबल होता, ग्राउंडच्या हद्दीवर 63, म्हणजे नियमात, तरी मागच्या वाड्यावरची चार माणसं भांडायला आली, तावदानं थरथरतायत म्हणे. मीटर खोटा की माणसं खोटी?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोघंही खरे आहेत रे. तुझा मीटर डीबीए वर लावलेला असणार. ए-वेटिंगमध्ये (म्हणजे कानाला जसं ऐकू येतं तसं मोजायची पद्धत) खालचा बेस जवळपास हिशोबातच धरत नाहीत, 63 हर्ट्झच्या खोल सुराला 26 डेसिबल वजा आणि 50 ला 30, आणि टेक्नोची किक, म्हणजे ड्रमचा धप्प ठोका, नेमकी तिथेच बसलेली असते. पुढच्या शोला हद्दीवर उभं राहून तोच मीटर ए वरून सी वर (हा बेस जवळपास पूर्ण मोजतो) टाक आणि आकडा किती उडी मारतो ते बघ, मला एका लॉनवर 18 चा फरक मिळाला होता आणि मी आधी मीटरच बदलून आणायला सांगितला होता.

आपले 2000 चे ध्वनिप्रदूषणाचे नियम सगळे डीबीए मध्येच आहेत. रहिवासी भागात दिवसा 55, रात्री 45, आणि स्पीकर लावला तर हद्दीवर त्या मर्यादेपेक्षा फार तर 10 जास्त किंवा 75, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे तुला 65 मिळाले, तू 63 वर होतास, कागदावर पास. फ्रान्सने 2017 मध्ये हे ओळखून दोन आकडे ठेवले, पब्लिक उभं असतं तिथे 15 मिनिटांच्या सरासरीला 102 डीबीए आणि सोबत 118 डीबीसी, म्हणजे बेसवाल्याला लपायला जागा नाही. त्यात हाय फ्रिक्वेन्सी झाडं, भिंती, हवा खाऊन टाकतात, बेस मात्र सगळं ओलांडून जातो, आणि सूर्य मावळल्यावर जमिनीलगतची हवा गार झाली की वर जाणारा आवाज वळून पुन्हा खाली येतो, त्यामुळे चारच्या साउंडचेकला शांत असलेलं घर नऊ वाजता धडधडायला लागतं.

आता लगेच मास्टर (मुख्य व्हॉल्यूम) खाली ओढू नकोस, पब्लिक बोंबलेल. सब (बेसचे मोठे स्पीकर) कुठे तोंड करून उभे आहेत ते बघ. खरं तर सबला तोंड नसतंच, पुढे जितका तितकाच मागे जातो, आणि तुझा वाडा मागेच आहे. तीन-तीनचे स्टॅक कर, मधला बॉक्स उलटा फिरवून स्टेजकडे तोंड, त्याची पोलॅरिटी उलटी (प्लस-मायनस अदलाबदल) आणि थोडा डिले (आवाज किंचित उशिरा). कार्डिऑइड म्हणतात त्याला, बऱ्याच अॅम्पमध्ये प्रीसेट तयार असतो, नसेल तर डिले बॉक्सची खोली मोजून काढायचा, आवाजाला एक मीटर जायला साधारण 2.9 मिलीसेकंद लागतात. पुढचा पंच थोडासाच जातो पण स्टेजमागे गेलास तर वाटतं सब बंदच पडले की काय. बॉक्स मात्र जास्त लागतात, कोटेशन देताना तेव्हाच बोलून घे.

दुसरी गोष्ट डीजेची (माणूस म्हणतोय मी, आपल्याकडे डीजे म्हणजे माणूस की भिंत हे आधी ठरवावं लागतं). दोन तासांनी त्याचे कान थकतात, त्याला आवाज कमी वाटायला लागतो, तो मिक्सरचा मास्टर ढकलत लाल दिव्यावर नेतो, मग तू खाली घेतोस, तो अजून वर, आणि शेवटी आवाज मोठा न होता नुसता फाटतो. त्याचा बूथ मॉनिटर (त्याच्या स्वतःच्या ऐकण्याचा स्पीकर) चांगला दे, अर्धं भांडण तिथेच मिटतं. आणि ओपनरला (आधी वाजवणाऱ्याला) कन्सोलपाशी 93-94 वर ठेव. 3 डेसिबल वाढवले की ऊर्जा दुप्पट, म्हणजे पब्लिकच्या कानांचा डेटा पॅक दुप्पट वेगाने संपतो, तो मेन आर्टिस्टसाठी शिल्लक नको का? दहाला बंद ते बंदच, राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त 15 दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं, त्या यादीत आपला दिवस आहे का ते आधी बघ.

प्रश्न : ताई-दादा जे असाल ते, शोनंतर दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहते. कापूस घातला तर चालेल?
– एक वाचिका, पुणे

उत्तर : दादा आहे. कापसाने काही होत नाही, फक्त शब्द ऐकू येत नाहीत. म्युझिशियनवाले फिल्टरचे इअरप्लग घे, गाणं तेच राहतं, फक्त हळू होतं. कामगारांसाठी धरतात तो हिशोब 85 ला आठ तासांचा, दर 3 डेसिबलला वेळ अर्धा, म्हणजे 100 ला पंधरा मिनिटं, आणि तू उभी असतेस चार तास, तेही बहुतेक स्पीकरला चिकटून. कन्सोलच्या आसपास ये, मिक्स तिथेच बसून केलेलं असतं, ऐकायला पण तिथेच भारी लागतं. आणि दोन दिवस शिट्टी हे नॉर्मल नाही हं, या आठवड्यातच कानाच्या डॉक्टरकडे जा, पुढच्या शोच्या आधी.