टाइल्स फोडायच्या आधी टाकीत काठी घाला

तुमच्या प्रश्नातलं कामाचं एवढं: इंदूरच्या सुदामानगरात दुमजली घर, रात्री भरलेली हजार लिटरची टाकी सकाळपर्यंत बरीच उतरते, खालच्या बेडरूमच्या भिंतीला वरच्या बाथरूमच्या बाजूने सीलन आली आहे, आणि प्लंबर म्हणतो सगळं बाथरूम उखडावं लागेल. इतक्यात उखडू नका. टाकी उतरणं आणि भिंत ओली होणं ही दोन वेगळी दुखणी असू शकतात. टाकीची गळती संडासात आणि भिंतीची ओल ड्रेनेजमधून, असं पुष्कळ घरांत सापडतं. मग बाथरूम नवं होतं आणि टाकी उतरतच राहते.

नळाला मीटर नसेल तर टाकीलाच मीटर करा. रात्री 11 ला शेवटचा नळ बंद झाला की झाकणातून सरळ काठी तळापर्यंत घाला, ओलीची खूण करा. पहाटे 5 ला, कोणी उठायच्या आत, पुन्हा. दोन्ही वेळा काठी त्याच जागी टेकवा. उभ्या गोल टाकीत 1 सेंटिमीटरला किती लिटर, ते काढायला व्यास मीटरमध्ये घेऊन त्याचा वर्ग करा आणि 7.85 ने गुणा. 1.1 मीटर व्यासाला साधारण 9.5 लिटर येतात. सहा तासांत 4 सेंटिमीटर उतरली तर 38 लिटर, म्हणजे दिवसाला दीडशे. दोन-तीन मिलिमीटरचा फरक सोडून द्या, ती काठीची चूक.

पहिल्या रात्री टाकीखालचे सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवून मापा. व्हॉल्व्ह खरंच बंद होतो का, ते आधी बघा: तो बंद करून त्या लाईनचा सगळ्यात खालचा नळ उघडा. पाइपातलं पाणी ओतून धार थांबली पाहिजे. बारीक धार चालूच राहिली तर तो चाकाचा जुना गेट व्हॉल्व्ह आतून पास होतोय, आणि त्याच्या भरवशावर केलेली मोजणी फुकट. तिथे आधी बॉल व्हॉल्व्ह बसवा. ही पायरी सोडल्यामुळे लोक चुकीची भिंत फोडतात.

सगळं बंद असूनही पातळी उतरली तर टाकीचा कनेक्टर किंवा टाकीला गेलेली चीर. पातळी एका उंचीवर येऊन थांबत असेल तर चीर बहुधा त्याच उंचीवर आहे. कुठेच ओल नसेल तर जमिनीखालचा हौद बघा. हौदात सबमर्सिबल (पाण्यात बुडालेली मोटर) असेल, लाईनला एनआरव्ही (पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह) नसेल किंवा तो खराब असेल, आणि मोटरचा पाइप टाकीत पाण्याखाली बुडालेला असेल, तर मोटर बंद झाल्यावर तेच पाणी सायफनने उलटं हौदात जातं. 2 मीटर बाय दीड मीटरच्या हौदात 1 सेंटिमीटर म्हणजे 30 लिटर, तेव्हा 38 लिटर परत गेले तर हौद सव्वा सेंटिमीटर चढलेला दिसेल. इलाज स्वस्त आहे: टाकीतला पाइप पाण्याच्या वर कापा, किंवा भरलेल्या पातळीच्या वर त्याला 5-6 मिलिमीटरचं भोक पाडा.

पुढच्या रात्रींपासून एकेका रात्री एकच लाईन उघडी ठेवा. संडासाची लाईन दोषी निघाली तर आधी फ्लशच्या टाकीत खाण्याचा रंग टाका आणि अर्धा तास फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला तर आतला वॉशर गेला. याचा आवाज येत नाही, ओल दिसत नाही, आणि पाणी मात्र रात्रभर जातं.

बाथरूमची लाईन असेल तर गिझरचा इनलेट अँगल कॉक (गिझरमध्ये पाणी सोडणारा कॉक) बंद करून मोजणी पुन्हा करा. गळती थांबली तर दोष गरम पाण्याच्या बाजूला. तिथली दुसरी खूण म्हणजे कोणी नळ उघडत नसताना गिझरचा दिवा वारंवार पेटणं, किंवा अनवाणी पायाला एखादी टाइल कोमट लागणं.

आता भिंत. ओल कधी वाढते, याची आठ-दहा दिवस नोंद ठेवा. चोवीस तास सारखी असेल तर टाकीच्या दाबाची लाईन. अंघोळीनंतर वाढत असेल तर ड्रेनेज. पावसानंतर वाढत असेल तर बाहेरची भिंत किंवा गच्ची. खालून दोन-तीन फुटांपर्यंत चढलेली, वर पांढरा लोणा फुललेली पट्टी असेल तर जमिनीची ओल. तिचा वरच्या बाथरूमशी काही संबंध नाही. ज्या दिवशी नळाला नर्मदेचं पाणी येतं त्याच दिवशी फाटकाजवळची जमीन भिजत असेल तर रस्त्यापासून हौदापर्यंतची लाईन बघा. आपली माळव्याची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, आणि जमिनीतले सांधे मोडते, विशेषतः पाइप जिथे भिंतीतून घट्ट चिणलेला असतो तिथे. पाणी आल्यावर पहिली काही मिनिटं गढूळ किंवा वास मारत असेल तर ते पिऊ नका आणि दुरुस्ती त्याच दिवशी करा. पुरवठा बंद असताना त्याच मोडलेल्या सांध्यातून बाहेरची घाण आत ओढली जाते.

ड्रेनेजचा संशय असेल तर क्रम असा. आधी ते बाथरूम पूर्ण बंद ठेवा, आणि एका दिवसात निकाल मागू नका. बाथरूमच्या फरशीखालच्या खोलगट स्लॅबमध्ये भरलेला विटांचा चुरा स्पंजसारखं पाणी धरतो आणि वापर थांबल्यावरही आठवडाभर ते सोडत राहतो. ओल कमी होऊ लागली की फरशी न भिजवता दोन बादल्या थेट नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीवरचं पाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्यात) ओता, रोज एकदा, तीन दिवस. ओल परतली तर ट्रॅप आणि पाइपाचा सांधा. नाही परतली तर ट्रॅपच्या तोंडात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं ओलं फडकं ठोसून फरशीवर इंचभर पाणी 24 तास उभं करा. आता खाली ओल आली तर फरशीचे सांधे किंवा भिंतीचा कोपरा. टाइल्सच्या फटींत केमिकल भरून देणारे लोक पहिल्याच दिवशी हे शेवटचं कारण सांगतात, कारण त्यांच्याकडे विकायला तेवढंच असतं. ट्रॅपचा सांधा गेला असेल तर वरून भरलेल्या केमिकलने काहीही होत नाही.

दाबाच्या लाईनवर बोट ठेवता आलं की प्लंबरकडून हातपंपाने प्रेशर टेस्ट करून घ्या. गिझर, फ्लशची टाकी आणि आरओ सोडवून तोंडांना प्लग लावा, आधी लाईनमधली हवा पूर्ण काढा, मग दाब 3 किलोपर्यंत (दर चौरस सेंटिमीटरला) नेऊन अर्धा तास थांबा. हवा राहिली तर गळती नसतानाही काटा थोडा खाली येतो. जुन्या लाईनला 10 किलो देऊ नका, ते नव्या सीपीव्हीसीसाठी (गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइप). आणि प्लास्टिकच्या पाइपात कॉम्प्रेसरची हवा कधीच भरू देऊ नका, पाइप फुटला तर तुकडे उडतात.

मशीनने गळती शोधून देणाऱ्यांबद्दल: दुमजली घराच्या टाकीचा दाब जेमतेम पाऊण किलो असतो, त्यात प्लास्टिकच्या पाइपातून ऐकण्यासारखा आवाज क्वचितच येतो. ऐकणारं यंत्र लावायचंच असेल तर पंपाने दाब चढवूनच लावा. थर्मल कॅमेऱ्याला पाणी दिसत नाही, तापमानातला फरक दिसतो. गरम पाण्याच्या लाईनवर, गिझर तासभर चालवून, तो छान काम करतो. ओलावा मोजणारं सुईचं मीटर लोणा लागलेल्या भिंतीवर नेहमी जास्त दाखवतं.

फोडायची वेळ आलीच तर एक फूट बाय एक फूट, आणि सुरुवात मिक्सरच्या (गरम-गार पाण्याच्या नळाच्या) मागून करा. पितळी आट्यांचा फिटिंग जास्त आवळल्याने तडकलेला तिथेच सापडतो. सीपीव्हीसीला टेफ्लॉन टेप लावा, सुतळी-सफेदा जीआयसाठी (जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपासाठी) ठेवा. पाइप चिकटवायचं सोल्यूशन लावताना पाइप कोरडा असावा, आत घालताना पाव फेरा द्यावा, अर्धा मिनिट दाबून धरावा, आणि डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत पाणी सोडू नये. खड्डा लगेच बुजवू नका. आधी दोन रात्री टाकीत काठी घाला. भिंत सुकायला महिना-दोन महिने लागतात, तोवर रंगारी बोलावू नका.