शेवंडाची (लॉबस्टरची) पिल्लं मोकळ्या वाळूवर का जगत नाहीत? तळाने खरंच एवढा फरक पडतो का?

पडतो जी. मी भंडारा जिल्ह्यातला ढिवर, म्हणजे मासेमार. समुद्र आमच्यापासून लांब, पण आमच्या मामा (माजी मालगुजारी) तलावात गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी वाढवतो. शेवंड काय, कोळंबी काय, दहा पायांचीच जात, कात टाकूनच वाढणारी.

2017 साली आमच्या मच्छीमार सोसायटीनं 5,000 पिल्लं सोडली. त्याआधी उन्हाळ्यात काकाजींनी जेसीबी लावून तळ आंगणासारखा साफ करून घेतला, जाळं अडकू नये म्हणून. मी म्हटलं, "काकाजी, थोडं गवत, चार खुंट राहू द्या, पिल्लं लपतील कुठं?" तर म्हणाले, "तू मले तलाव शिकवतं का?" फेब्रुवारीत जाळं ओढलं, 400 सुद्धा भरली नाहीत. कित्येकांची एक नांगी गायब. एक माझ्या हातात आली ती नुकती कात टाकलेली, भिजल्या कागदासारखी मऊ, शेपटीकडून अर्धी खाल्लेली. खाणारी तिचीच भावंडं. कात टाकल्यावर कवच घट्ट होईस्तोवर दडायला आडोसा नसला की असंच होते. काकाजी म्हणत राहिले, बियाणंच खराब होतं.

पुढच्या पावसाळ्यात मी पोकळ बांबूचे हातभर तुकडे आणि पळसाच्या फांद्यांच्या मोळ्या तळाशी टाकल्या. एक बांबू उचलला तर आधी पाणी गळलं, मग आतून दोन निळ्या नांग्या बाहेर आल्या. त्या साली 1,600 वर निघाली.

शेवंडाचंही तेच. अटलांटिकच्या थंड पाण्यातला अमेरिकन शेवंड आधी पाण्यात तरंगतो, चौथ्या अवस्थेत तळाशी उतरतो. गोटे-दगडांचा तळ मिळाला की पटकन फटीत शिरतो. उघड्या वाळूवर मासे त्याला लवकर टिपतात. लहान असताना तो बिळाबाहेर फारसा येतच नाही, मोठा झाला की भीती कमी होते. म्हणून तळ खरवडणाऱ्यांचा मला राग येतो.

एक मात्र आहे, आपल्या किनाऱ्यावरचा चिखली शेवंड गाळाच्या तळावरही राहतो, तेव्हा दगडच पाहिजेत असं सगळीकडे नाही. तलावातही गवत माजू देऊ नका, रात्री तेच पाण्यातला ऑक्सिजन ओढते. बेशरमाची झुडपं तर मुळासकट उपटाच.

आणि काकाजी, दोन्ही वर्षी बियाणं एकाच ठिकाणाहून आणलं होतं. पावत्या माझ्यापाशी आहेत.