पुल रिक्वेस्ट बंद झाली, थ्रेडला कुलूप लागलं, आता अकाउंट उडवू का?

साताऱ्याहून एका मुलाचं पत्र आलंय, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या आयडी कार्ड प्रोजेक्टसाठी तो एक ओपन सोर्स लायब्ररी (कुणालाही वापरता, बदलता येणारा तयार कोड) वापरत होता आणि ती लांब नावं कापताना मराठी अक्षरं मधेच तोडते. त्याने दोन आठवडे बसून फिक्स केलं, पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे हा बदल मूळ कोडमध्ये घ्या अशी विनंती, आणि मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, ती दोन ओळींत बंद केली: जुन्या युजर्सचं आउटपुट बदलेल आणि बदल तपासणाऱ्या टेस्ट पण नाहीत. या मुलाने रात्री साडेबाराला लिहिलं की तुम्हाला भारतीय भाषांची काही पडलेली नाही, कोड कळत नसेल तर प्रोजेक्ट बंद करा. थ्रेड, म्हणजे रिक्वेस्टखालची चर्चा, लॉक झाला, कारण दिलंय "टू हीटेड", फार तापलं म्हणून. पुढच्या महिन्यात प्लेसमेंट आहे, रेझ्युमेवर गिटहबची (जिथे हे सगळं झालं ती कोड ठेवायची साइट) लिंक आहे, मित्र म्हणतात लिनक्स बनवणारा लिनस टोरवाल्ड्स पण असाच बोलतो, काही होत नाही. याला मात्र झोप नाही. "मॅडम, अकाउंट डिलीट करून नवीन काढू का?"

अरे, नको काढूस. अकाउंट डिलीट केलंस तरी ती कमेंट तिथेच राहते, फक्त तुझ्या नावाच्या जागी "घोस्ट" येतं, आणि तुझ्या स्वतःच्या रिपॉझिटरीज (कोडचे प्रोजेक्ट) मात्र सगळ्या जातात, म्हणजे दोन वर्षांची मेहनत घालवून हाती काहीच नाही. कमेंट गुपचूप एडिट करायचा विचार असेल तर तोही सोड, एडिटची हिस्टरी दिसते आणि मूळ मजकूर नोटिफिकेशनच्या मेलमधून लोकांकडे कधीच पोचलाय.

आता मला सगळ्यात वाईट कशाचं वाटलं ते सांगते, तुझा मुद्दा खरा होता रे. "कीर्ती" हा शब्द कॉम्प्युटरला सहा तुकड्यांत दिसतो, क, दीर्घ वेलांटी, र, हलन्त, त, परत वेलांटी. चारवर कापला की कार्डावर "कीर्" छापलं जातं, आणि त्या मुलीने ते कार्ड वर्षभर गळ्यात घालून फिरायचं. हे कुणालाही दाखवलं असतं तर पटलं असतं. वर तुझ्या बाजूने केवढा मोठा पुरावा होता, यूनिकोडच्या (कॉम्प्युटरवर सगळ्या भाषांची अक्षरं कशी ठेवायची याचं जागतिक मानक) १५.१ व्हर्जनमध्ये, सप्टेंबर २०२३ मध्ये, देवनागरीतलं जोडाक्षर मधे तोडायचं नाही असा नियमच आला. तुझ्या कमेंटमध्ये यातलं काहीच नाही, नुसता राग आहे. समोरच्याने त्यातून काय घ्यायचं?

आणि मेंटेनर जे म्हणाला तेही खरं होतं. हजार ठिकाणी ती लायब्ररी चालत असेल, एका अपडेटने सगळ्यांचं आउटपुट बदललं तर शिव्या त्यालाच. बहुतेक मेंटेनर हे काम नोकरी सांभाळून, फुकट करतात. हॅक्टोबरफेस्ट नावाचा ऑक्टोबरभर चालणारा ओपन सोर्सचा उपक्रम आहे, २०२० मध्ये त्यात चार पुल रिक्वेस्ट केल्या की टीशर्ट होता, तेव्हा लोकांनी एकेक शब्द बदलून इतका कचरा टाकला की आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलावा लागला, प्रोजेक्टने स्वतः हो म्हटलं तरच रिक्वेस्ट मोजायची. असं सगळं अंगावर घेणारा माणूस दोन ओळीच लिहितो, त्यात तुझा अपमान नव्हता.

मला वाटतं याचं मूळ आपल्या शिकण्यात आहे. ओरलला एक्स्टर्नलचं चुकलं तरी आपण "हो सर" म्हणतो, कारण उलट बोललं की उद्धट ठरतो आणि मार्क जातात. त्यामुळे गप्प बसणं येतं आणि फारच झालं तर भांडणं येतं, पण "सर, मला हे वेगळं वाटतं, कारण असं असं आहे" हे मधलं वाक्य कुणी शिकवतच नाही, आणि नोकरीत कोड रिव्ह्यूला, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, रोज नेमकं तेच लागतं.

लिनसचं म्हणशील तर मित्रांनी अर्धीच गोष्ट सांगितली. १६ सप्टेंबर २०१८ ला त्याने लिनक्सच्या ४.१९ च्या रिलीज कँडिडेटच्या (रिलीजआधीच्या चाचणी आवृत्तीच्या) मेलमध्येच स्वतःच्या बोलण्याबद्दल माफी मागितली, लोकांच्या भावना समजून घ्यायला मदत घेणार म्हणाला आणि काम सहकारी ग्रेग क्रोह-हार्टमनकडे देऊन काही आठवडे बाजूला झाला. कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याच्या प्रोजेक्टला) नवी आचारसंहिता पण तेव्हाच आली. एवढ्या मोठ्या माणसाने सगळ्यांसमोर हे केलं, तर तुला एक मेल लिहायला काय हरकत आहे?

थ्रेड लॉक आहे म्हणून तिथे लिहिता येणार नाही. नवीन इश्यू (तक्रारीची नोंद) उघडून माफी मागू नकोस, ट्विटरवर, लिंक्डइनवर त्याला शोधत जाऊ नकोस. प्रोजेक्टच्या आचारसंहितेच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा मेल आयडी असतो, तिथे एकच मेल टाक. चार ओळी बास: मी अमुक तारखेला जे लिहिलं ते चुकीचं होतं, माफ करा. जुन्या युजर्सचा तुमचा मुद्दा आता समजला. सध्याचं वागणं तसंच ठेवून ही सोय वेगळ्या ऑप्शनमध्ये दिली तर चालेल का? चालणार असेल तर टेस्टसकट पाठवतो. "पण मी तेव्हा स्ट्रेसमध्ये होतो" वगैरे घालू नकोस, त्याने माफी पातळ होते. उत्तर नाही आलं तर परत मेल नको, तो त्याचा हक्क आहे. तुझा फिक्स तुझ्या फोर्कमध्ये (त्या प्रोजेक्टच्या तुझ्या कॉपीत) ठेव, रीडमीमध्ये (माहितीच्या फाइलमध्ये) कापण्याआधीचं आणि नंतरचं नाव दाखव.

इंटरव्ह्यूमध्ये कुणी ती कमेंट काढलीच तर लपवू नकोस. "चुकलं, माफीचा मेल केला, आणि हे बघा नंतर काय केलं" असं म्हणून फोर्क उघडून दाखव.

मेल आज रात्री पाठवू नकोस, लिहून ठेव, सकाळी चहा झाल्यावर एकदा मोठ्याने वाच आणि मग पाठव. आणि टेस्टमध्ये "कीर्ती"बरोबर "क्षितिज", "ज्ञानेश्वर" पण घाल, तिथेही तुटत असणार.