प्रश्न आहाराचे : घरच्याच ताटात काय बदलावे?

या महिन्यात आलेली बरीच पत्रे एकाच विचारणेची आहेत. कोणाला कडक पथ्य नको आहे, कोणाला महागडी पावडर नको आहे. रोजच्या स्वयंपाकात आणि खाण्याच्या वेळांत सहज पेलेल असे काही सांगा, एवढेच वाचकांचे म्हणणे आहे. त्यांतील निवडक पत्रे थोडक्यात येथे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघे, सासूबाई आणि दोन मुले असे पाच जण आहोत. जेवण साधेच असते, तळणही मी जवळजवळ बंद केले आहे, तरी यजमानांचे कोलेस्टेरॉल वाढलेले निघाले. सूर्यफुलाऐवजी ऑलिव्हचे तेल आणावे, असे मनात आहे. शिवाय रविवारी सकाळी बाहेर जाऊन मिसळ खाणे ठरलेले असते. ते बंद करावे का? (गृहिणी, इंदिरानगर, नाशिक)

ताई, तेल कोणते आणावे हा प्रश्न दुसरा. घरात तेल किती लागते हा पहिला. तळण बंद केले म्हणजे तेल कमी झाले, अशी आपली समजूत असते. पण रोजच्या दोन भाज्या, आमटीची फोडणी, पोळीला लावलेले तेल आणि पोह्यांची परतणी यांत ते गुपचूप जात राहते. म्हणून या महिन्यात एकच गोष्ट करा. तेलाची पिशवी फोडाल, त्या दिवशीची तारीख तिच्यावर पेनाने लिहा आणि महिनाअखेरीस किती लिटर संपले ते पाहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, दिवसाला २,००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तेल-तूप मिळून सुमारे २७ ग्रॅम धरले आहे, म्हणजे साधारण सहा लहान चमचे. पाच माणसांचा महिन्याचा हिशेब चार लिटरांच्या थोडा वर जातो. त्यातच तूप, लोणी आणि बाहेरच्या खाण्यातले तेल बसवायचे असल्यामुळे, घरच्या फोडणीसाठी तीन ते साडेतीन लिटर पुरायला हवे.

आकडा त्याहून बराच मोठा निघाला, तर बुधलीतून थेट कढईत तेल ओतण्याची सवय तेवढी मोडा. तेल चमच्यानेच घाला. कांदा परतताना खाली लागू लागला की आपला हात पुन्हा तेलाकडे जातो; त्याऐवजी पाण्याचा हबका मारा, आणि भाजी झाकणीवर पाणी ठेवून वाफेवर शिजू द्या. दुधी, कोबी, घेवडा या भाज्या अशा फार चांगल्या होतात. वांगी आणि भेंडी यांना तेल जास्त लागते, हे मान्य आहे. त्या रोज करू नयेत, इतकेच. ऑलिव्हच्या तेलावर पैसे घालवण्याची गरज मला तरी दिसत नाही. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, सोयाबीन यांपैकी तेले आलटून पालटून आणावीत. त्यापेक्षा चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि नानकटाई यांकडे लक्ष द्या, कारण त्यांत वनस्पती तूप असण्याचा संभव मोठा असतो आणि कोलेस्टेरॉलच्या दृष्टीने ते अधिक त्रासदायक असते.

आता मिसळ. नाशिककराला मिसळ सोडायला सांगणाऱ्या आहारतज्ज्ञाचे पुढचे काहीच कोणी ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे; पण केवळ त्या भीतीने मी तिची बाजू घेते असे नाही. मोड आलेली मटकी हा उत्तम नाश्ता आहे. बिघडते ते तिच्या भोवतीचे : वर तरंगणारी तर्री, मूठमूठ फरसाण, तळलेला पापड, मैद्याचे तीन-चार पाव आणि शेवटी जिलेबी. तेव्हा जावे, पण तर्री वाटीत वेगळी मागून चवीपुरती घ्यावी, मटकी जास्त घालायला सांगावी, कांदा आणि लिंबू हात न आखडता घ्यावे, आणि रस्सा पुन्हा आला म्हणून आणखी पाव मागवू नयेत. लिंबाचा उपयोग चवीपुरता नाही. त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे मटकीतले लोह शरीरात अधिक शोषले जाते. मिसळ संपता संपता येणारा चहा मात्र त्याच्या नेमके उलट काम करतो, कारण चहातील टॅनिन लोहाला अडवून धरते. चहा तासाभराने घरी येऊन घ्यावा. घरातील मुलींना आणि स्त्रियांना तर हा नियम रोजच्या दोन्ही जेवणांना लागू आहे.

प्रश्न : मी सातपूरच्या एका कारखान्यात पाळीने काम करतो. दर आठवड्याला पाळी बदलते. कँटीनमध्ये आणि टपरीवर मिळून दिवसाला सात-आठ चहा होतात, सोबत बिस्किटे असतात. पोट सुटले आहे आणि अ‍ॅसिडिटी कायमची आहे. वेळच मिळत नाही, तर काय करावे? (कामगार, वय ३४)

आपल्यासारखी पत्रे सातपूर आणि अंबडहून नेहमी येतात. त्यांना ‘वेळेवर जेवा’ असे उत्तर देणे म्हणजे थट्टाच होईल. वेळ आपल्या हातात नाही हे धरूनच बोलू या.

आधी चहाचा हिशेब. एका चहात दोन चमचे साखर धरली, तर सात चहांत चौदा चमचे, म्हणजे जवळजवळ ७० ग्रॅम साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार वरून घातलेल्या साखरेची मर्यादा २,००० कॅलरींच्या आहारात सुमारे ५० ग्रॅम आहे, आणि शक्यतो २५ ग्रॅमच्या आत राहणे अधिक चांगले. बिस्किटांतली साखर यात धरलेलीच नाही. घरी चहा करताना साखर दर पंधरवड्याला पाव चमच्याने कमी करत गेल्यास जिभेला ते फारसे कळत नाही. पण कँटीनचा चहा साखर घालूनच उकळलेला असतो, तेथे हा उपाय चालत नाही. तेथे पेलाच अर्धा घ्यावा. मित्रांबरोबर टपरीवर उभे राहणे हा चहाचा खरा हेतू असतो आणि तो कटिंगनेही साधतो. बिस्किटांच्या पुड्याऐवजी खिशात फुटाण्यांची पुडी ठेवावी. भाजलेल्या हरभऱ्यातून प्रथिने आणि तंतू दोन्ही मिळतात आणि भूक बराच वेळ धरली जाते. पोट रिकामे असताना मात्र चहा नको, एवढे पाळले तरी अ‍ॅसिडिटीत फरक पडेल. महिनाभराने पडला नाही, तर डॉक्टरांना दाखवा. दुकानातून परस्पर गोळ्या आणून घेत राहू नका.

रात्रपाळीचे गणित वेगळे आहे. रात्री उशिरा खाल्लेले अन्न, विशेषतः भात आणि गोड, शरीर दिवसासारखे हाताळू शकत नाही. त्याच जेवणानंतर रक्तातील साखर रात्री अधिक चढते. म्हणून मुख्य जेवण पाळीवर निघण्यापूर्वी घरी करावे. डब्यात पोळी-भाजी भरून न्यायची आणि दोन वाजता गार झालेली खायची, यापेक्षा डब्यात ताक, उकडलेले अंडे किंवा मुठभर शेंगदाणे आणि एखादा पेरू न्यावा. पाळीच्या शेवटच्या तीन-चार तासांत चहा टाळावा, नाही तर घरी जाऊन झोप लागत नाही, आणि झोप अपुरी झाली की दुसऱ्या दिवशी भूक अवाजवी लागते. सकाळी सुटल्यावर फाटकाबाहेरचा वडापाव खाऊन लगेच झोपणे हे पोट सुटण्याचे आणि छातीत जळजळण्याचे एक मोठे कारण आहे. घरी जाऊन वाटीभर उपमा किंवा एखादी भाकरी-भाजी खावी आणि झोपण्यापूर्वी थोडा वेळ जाऊ द्यावा.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. चातुर्मासात सोमवार, शनिवार आणि दोन्ही एकादशी असे उपवास असतात. उपवास सोडायचा नाही, पण दुसऱ्या दिवशी अंगात त्राण राहत नाही. (पंचवटी)

आजी, उपवास सोडायला मी सांगणार नाही. मात्र दुपारी साबुदाण्याची खिचडी, चहाबरोबर बटाट्याचा चिवडा आणि रात्री पुन्हा साबुदाण्याचीच उसळ, असा उपवास होत असेल, तर थकवा येणे स्वाभाविक आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्यात प्रथिने नसल्यासारखीच असतात, आणि या वयात स्नायू टिकवायला प्रथिनेच हवीत. आपल्याकडे उपवासाला चालणारे राजगिरा, भगर, दही, ताक, दूध, दाणे, रताळी आणि फळे एवढे सगळे असताना साबुदाण्यालाच मान का, हे मला कधी कळलेले नाही. एका वेळी भगर आणि दाण्याची आमटी, दुसऱ्या वेळी राजगिऱ्याची भाकरी आणि दही, मध्ये एखादे केळे किंवा दूध, असा उपवास करून पाहावा. भगर आणताना पाकीटबंद आणावी, निवडून धुऊन घ्यावी, आणि पीठ हवे असल्यास विकतचे न आणता लागेल तेवढेच घरी दळावे. दमट हवेत साठवलेल्या भगरीला बुरशी लागून विषबाधा होते, अशा बातम्या सणासुदीला येतात, त्या खऱ्या असतात.

उपवास नसलेल्या दिवशी ज्वारी-बाजरीबरोबर नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरीही ताटात असू द्यावी. पेठ-सुरगाण्याकडची नागली गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात पाहावी. तिच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते, जे कोणत्याही तृणधान्यापेक्षा कितीतरी जास्त आहे. नागलीच्या नुसत्या पिठाची भाकरी थापताना तुटते, म्हणून पीठ गरम पाण्यात उकड काढून मळावे. आपण मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेत असाल, तर उपवासाच्या दिवशी ती कशी घ्यावीत हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवावे.

प्रश्न : रक्तदाबासाठी सैंधव मीठ वापरले तर चालेल का? (निवृत्त शिक्षक, नाशिकरोड)

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच आहे, त्यामुळे रक्तदाबाला त्याने फरक पडत नाही, आणि आयोडीन मात्र मिळत नाही. मीठ आयोडीनयुक्त साधेच ठेवा, पण एकूण मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक लहान चमचा, यावे. ताटात वाढलेले मीठ, पापड, लोणचे आणि शेव यांपैकी एका जेवणात एकच घ्यायचे, असे घरात ठरवून टाका. ताक आणि कोशिंबिरीत मिठाऐवजी जिरेपूड आणि लिंबू घाला.

प्रश्न : सात वर्षांची मुलगी भाजी पाहिली की तोंड फिरवते. ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ असे म्हणून दमलो. (गंगापूर रोड)

ते म्हणणे आजपासून थांबवा. त्यातून मुलीला एवढेच कळते, की भाजी ही शिक्षा आणि आइस्क्रीम हे बक्षीस. मूल खेळून येते ती संध्याकाळची वेळ साधा. तेव्हा भूक खरी असते आणि आपण नेमकी तेव्हाच बिस्किटे हातात देतो. काकडी, गाजर, उकडलेले मक्याचे दाणे, टोमॅटोच्या फोडी अशी एक ताटली समोर ठेवावी आणि ‘खा’ असे म्हणू नये. नवी भाजी पहिल्यांदा नाकारली म्हणून ती आवडत नाही असे ठरवू नका. एखादी चव अंगवळणी पडायला मुलांना ती आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, समोर यावी लागते. प्रत्येक वेळी एक घास पुरे. भाजी पराठ्यात लपवायला हरकत नाही, पण नेहमी लपवलीच तर ती ओळखीची कधी होणार? आणि वडिलांनी स्वतः मेथी बाजूला सारली, तर मुलीकडून वेगळी अपेक्षा धरता येत नाही.

प्रश्न : आमचा निफाडला द्राक्षबाग आहे. तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाला. हंगामात स्वतःच्याच बागेतले मणी तोंडात टाकायचे नाहीत का? (शेतकरी, वय ५२)

टाकायचे, पण मोजून. १०० ग्रॅम द्राक्षांत सुमारे १६ ग्रॅम साखर असते. अडचण अशी होते, की बागेतून फिरताना, प्रतवारी करताना एकेक मणी तोंडात जात राहतो आणि त्याचा हिशेब राहत नाही. म्हणून बागेत खाणे बंद ठेवा आणि दिवसातून एकदा, दहा-पंधरा मणी वाटीत घेऊन बसून खा. जेवणाला लागून, भाताच्या वर ती नकोत; सकाळच्या नाश्त्यानंतर दोन-तीन तासांनी, सोबत चार बदाम किंवा थोडे शेंगदाणे, अशी वेळ बरी. रस काढू नये, कारण गाळताना तंतू जातात आणि एका पेल्यात कितीतरी जास्त द्राक्षे सहज रिचवली जातात. मनुक्यांत पाणी गेलेले असल्यामुळे वजनाच्या मानाने साखर चौपट भरते. तेव्हा त्या आठ-दहाच. घरी साखर तपासण्याचे यंत्र असेल, तर हंगामाच्या सुरुवातीला एक-दोनदा द्राक्षे खाण्यापूर्वी आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी तपासून पाहा, आणि ते आकडे पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा.