डावखुऱ्या जावयाचा पोलो

प्रश्न : आम्ही गेल्या वर्षी ऑस्लोहून ब्युनोस आयर्सला राहायला आलो. माझे पती नॉर्वेजियन, वय ४१, जहाज कंपनीत नोकरीला. इथल्या एका सहकाऱ्यानं त्यांना शहरातल्या पालेर्मोच्या मैदानावर पोलोचा सामना बघायला नेलं आणि तेव्हापासून आमचे शनिवार पोलोचे झाले. पिलारजवळच्या एका क्लबात ते शिकायला जातात. लहानपणी आजोबांच्या शेतावर फियॉर्ड जातीच्या घोड्यावर बसायचे, त्यामुळे घोड्याची भीती नाही. पण ते पक्के डावखुरे आहेत आणि शिक्षक मॅलेट (चेंडू मारायची लांब काठी) उजव्या हातातच धरायला लावतात. हुज्जत घालून पाहावी का, असं त्यांच्या मनात आहे. दुसरं म्हणजे बर्गनला सासूबाईंना हे सगळं नापसंत आहे. ‘घोड्याला चाबूक मारायचा आणि श्रीमंती मिरवायची, आपल्या घरात असलं कधी नव्हतं,’ असं फोनवर म्हणाल्या. मी आणि आमची आठ वर्षांची मुलगी कडेला बसून बघतो, पण पंच शिट्टी का वाजवतात आणि गोल झाला की बाजू का बदलतात, काही कळत नाही. हा खेळ जिवावर बेतणारा नाही ना? आणि आता मुलगीही शिकायचं म्हणतेय!
– एक वाचक, ब्युनोस आयर्स

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातल्या तीन प्रश्नांचं उत्तर एकाच नियमात आहे, म्हणून सुरुवात डाव्या हातापासून करतो. मी घोडदळात असताना पोलो खेळलो, पुढे बरीच वर्षं पंच म्हणून घोड्यावर बसलो. शिक्षकांशी हुज्जत घालू नका, असं जावईबापूंना, म्हणजे तुमच्या यजमानांना, आजच सांगा. मॅलेट उजव्याच हातात धरायचं हा खेळाचा नियम आहे आणि त्याला डावखुऱ्यांसाठी सवलत नाही.

कारण असं. चेंडू मारला की तो ज्या दिशेनं जातो, त्या दिशेला मैदानावर एक रेघ आखली गेली असं धरतात. दिसत कुणालाच नाही, पण प्रत्येक खेळाडूच्या डोक्यात ती असावीच लागते. चेंडू आपल्या उजव्या हाताला ठेवून त्या रेघेच्या बाजूनं जो धावतो, त्याचा वाटेवर हक्क. त्याला आडवं जायचं नाही, त्याच्या पुढ्यात घोडा घालायचा नाही. आता समोरून दुसरा स्वार त्याच चेंडूवर येतोय असं डोळ्यांसमोर आणा. तोही चेंडू स्वतःच्या उजव्या हाताला ठेवतो. म्हणजे चेंडू मधे, एक स्वार अलीकडून आणि दुसरा पलीकडून, असे दोघं एकमेकांना चुकवून निघून जातात. त्यातला एक डावखुरा असेल आणि चेंडू डाव्या हाताला घेऊन आला, तर दोन्ही घोडे चेंडूच्या एकाच बाजूला, तोंडासमोर तोंड. भरधाव घोडा ताशी ५० किलोमीटरच्या आसपास असतो. दोन्हींचा वेग एकत्र धरा, म्हणजे उजव्या हाताचा नियम कशासाठी ते वेगळं समजवावं लागणार नाही.

तुम्हाला न कळणाऱ्या शिट्ट्या बहुतेक याच रेघेच्या असतात. पुढच्या शनिवारी एक करून बघा. चेंडूच्या मागे नजर न पळवता, चेंडू मारला की तो कुठल्या रेघेवर चाललाय ते मनात आखा आणि मग बघा, त्या रेघेत कोण कुठून शिरतंय. एखाददुसऱ्या डावातच शिट्टी वाजायच्या आधी तुमची मुलगी ‘फाउल!’ म्हणून ओरडेल. मैदानात दोन पंच घोड्यावर असतात. त्यांचं एकमत झालं नाही, तर बाहेर बसलेल्या तिसऱ्या पंचाला विचारतात. खांद्याला खांदा लावून दुसऱ्याचा घोडा रेघेवरून बाजूला रेटायला मात्र मुभा आहे. ते बघून छातीत धस्स होतं, पण दोन्ही घोड्यांचा वेग सारखा आणि भिडण्याचा कोन लहान असेल तर त्यात गैर काही नाही. तिरपं येऊन धडक दिली, की शिट्टी.

गोलनंतर बाजू बदलतात ती वाऱ्याचा, उन्हाचा फायदा एकाच संघाला मिळत राहू नये म्हणून. मैदान केवढं ते तुम्ही पाहिलंच आहे, ३०० यार्ड लांब आणि कडेला फळ्या असल्या तर १६० यार्ड रुंद, म्हणजे जवळजवळ १० एकर. एवढ्या मोकळ्या जागेवर वारा चेंडूला चांगलाच ढकलतो.

आता डावखुरेपणाची दुसरी बाजू, जी शिक्षकांनी सांगितली नसेल तर मी सांगतो. पोलोत लगामाच्या दोन जोड्या, म्हणजे चारही लगाम, डाव्या हातात असतात. वळवणं, थांबवणं, वेग कमी-जास्त करणं, सगळं त्या एका मुठीतून. उजव्या हाताचे बहुतेक नवखे खेळाडू इथेच अडतात. त्यांचा डावा हात आडदांड असतो, चेंडू मारायच्या नादात तो घोड्याच्या तोंडाला हिसका देतो, घोडा मान वर करतो आणि फटका वाया जातो. तुमच्या यजमानांचा घोडा त्यांच्या जाणत्या हातात आहे! उजव्या हाताला फटका शिकवता येतो. त्यासाठी क्लबात लाकडी घोडा असेल. जाळीच्या पिंजऱ्यात तो पक्का बसवलेला असतो आणि भोवतीची जमीन अशी उतरती, की मारलेला चेंडू पुन्हा पायाशी येतो. त्यावर बसून रोज थोडा वेळ मारा म्हणावं. जोर लावायचा नाही. रिकिबीत उभं राहून कंबरेतून वळायचं, खांदे चेंडूच्या रेघेला समांतर आणायचे आणि मॅलेटचं वजन आपसूक खाली येऊ द्यायचं.

एक सवय मात्र त्यांना मोडावी लागेल. युरोपात दोन्ही हातांत लगाम धरून घोड्याच्या तोंडाशी हलका संपर्क ठेवायला शिकवतात. अर्जेंटिनाचा पोलोचा घोडा मानेवर टेकलेल्या लगामानं वळतो. लगाम मानेच्या डाव्या बाजूला टेकला की उजवीकडे, उजव्या बाजूला टेकला की डावीकडे. जुन्या सवयीनं ओढाल तर घोडा गोंधळेल. म्हणून मॅलेट न घेता, उजवा हात मांडीवर ठेवून, आधी चालत आणि मग दुडकीवर इंग्रजी आठाच्या आकारात घोडा फिरवायला सांगा. ते कंटाळवाणं आहे, पण मांड त्यातूनच पक्की होते आणि मांड पक्की नसलेल्या माणसानं सामन्यात उतरू नये, असं माझं ठाम मत आहे.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. नॉर्वेत घोड्यांच्या शर्यतीत स्वाराला चाबूक वापरायला बंदी आहे. त्या देशात वाढलेल्या बाईंना पोलोतला चाबूक खुपला, तर त्यात त्यांचं काय चुकलं? पोलोत चाबूक आणि टाचेच्या आऱ्या चालतात, हे खरं आहे. गैरवापर दिसला तर पंच दंड देतात. पण मी पंच म्हणून इतकी वर्षं पाहिलं ते असं, की चाबूक जास्त चालवणारा स्वार बहुधा आपल्या आधीच्या चुकीची भरपाई घोड्याकडून मागत असतो. त्याला वळायला उशीर झालेला असतो. जावयांनी आऱ्या लावू नयेत आणि शिकण्याच्या काळात चाबूक घरी ठेवावा. क्लबातली शिकवणीची घोडी जाणती असते, तिला त्याची गरज पडत नाही.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे घोडा थकू न देणं. एक डाव, म्हणजे चक्कर, ७ मिनिटांचं. पालेर्मोच्या खुल्या स्पर्धेत अशी ८ चक्करं होतात. साधारणपणे एक घोडी एका सामन्यात दोनहून जास्त चक्करं खेळत नाही, तीही लागोपाठ नाही. खेळाडू मैदानाच्या कडेला येऊन घोडी बदलतो तो याच कारणानं. पण काळजी मैदानापेक्षा तबेल्यात दिसते. तिथे मोतद्दार असतो, त्याला पेतिसेरो म्हणतात. खेळ संपल्यावर तो घोडीच्या पायांचे पट्टे सोडतो, तेव्हा जावयांनी त्याच्याशेजारी उकिडवं बसावं. पट्टा सोडला की गुडघ्याखालच्या शिरेवरून हाताची पाठ फिरवायची, दोन्ही पायांवर. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर काहीतरी दुखावलंय. पट्टा बांधतानाही प्रत्येक वेढ्याला ताण सारखा हवा. सैल पट्टा धावताना सुटून पायात येतो, आवळलेला शिरेला इजा करतो. हे हातानंच शिकायचं काम आहे आणि पेतिसेरो ते आनंदानं शिकवतात. खेळ झाला की हात झटकून जेवायला निघून जाणारा खेळाडू मला कधीच आवडला नाही.

सासूबाईंना एक फोटोही पाठवा. पोलोच्या घोडीची आयाळ मुळापासून भादरलेली असते आणि शेपटी वेणी घालून बांधलेली, कारण लगाम आणि मॅलेट केसांत अडकता कामा नये. यजमानांच्या आजोबांच्या शेतावर फियॉर्ड घोडे होते, त्यांचीही आयाळ कापून उभी ठेवतात, कडेचे फिके केस आखूड आणि मधली काळी रेघ किंचित वर. भादरलेली मान त्यांच्या ओळखीची निघेल. फोनवर बोलायला विषय मिळेल, आणि चाबकाबद्दल जावयांनी काय ठरवलंय तेही तेव्हाच सांगून टाका.

श्रीमंतीचं म्हणाल तर वरच्या पातळीवर हा खर्चिक खेळ आहे, ते मी नाकारत नाही. मोठमोठे धनिक संघ पोसतात. पण अर्जेंटिनात पोलो १८७५ पासून आहे, देशाचं पहिलं ऑलिम्पिक सुवर्णपदक १९२४ साली पॅरिसला पोलोतच मिळालं, आणि शेतावर वाढलेली, पगारावर घोडे तयार करणारी माणसं या खेळाचा कणा आहेत. यजमानांनी पहिली काही वर्षं घोडा विकत घेऊ नये. चकरागणिक भाड्यानं घोडी मिळते, तेवढं पुरे. शिवाय हँडिकॅपमुळे नवख्यालाही चांगल्या खेळाडूबरोबर एका संघात खेळता येतं. उणे २ ते १० असा प्रत्येकाचा आकडा असतो, संघाची बेरीज करतात आणि कमी बेरजेच्या संघाला सुरुवातीलाच गोल बहाल होतात. १० चा आकडा जगात अगदी मोजक्यांना मिळतो. जावई तळाशी सुरुवात करतील. त्यात कमीपणा मानू नये.

धोक्याबद्दल खोटा दिलासा देणार नाही. पडणं होतं, हाडं मोडतात, डोक्याला मार बसू शकतो. जाळीचं किंवा पट्टीचं तोंडरक्षक असलेलं चांगलं हेल्मेट, गुडघ्याचं जाड संरक्षक, घोट्यापर्यंत नव्हे तर गुडघ्यापर्यंतचे बूट, यात काटकसर नको. पैसे वाचवायचेच तर मॅलेटवर वाचवा. हेल्मेट एकदा आपटलं की बाहेरून धड दिसलं तरी ते बदलायचं. डोक्याला मार लागल्यावर ‘मी ठीक आहे’ म्हणून त्याच दिवशी परत घोड्यावर बसायचं नाही. इथे तुम्ही बायको म्हणून खुशाल अडवा.

मुलीला जरूर शिकवा. या खेळात स्त्री-पुरुष एकाच संघात खेळू शकतात, आणि आता पालेर्मोच्या त्याच मैदानावर स्त्रियांच्या खुल्या स्पर्धेचा अंतिम सामनाही होतो. फक्त तिच्या हाती इतक्यात मॅलेट देऊ नका. आधी शांत घोडीवर रपेट, मग खोगिराशिवाय चालत फिरणं, मग हलकं आखूड मॅलेट घेऊन जमिनीवर उभ्यानं चेंडू मारणं, या क्रमानं जाऊ द्या. मध्यंतरात क्लबात प्रेक्षकांना मैदानात सोडत असतील तर तिला घेऊन जा आणि टापांनी उखडलेली हिरवळ पायानं दाबून बसवा. उखडलेल्या ढेकळावर चेंडू वेडावाकडा उसळतो, घोडीचा पायही मुरगळू शकतो, म्हणून ते काम खेळाचाच भाग आहे. आणि ती कुठल्या हातानं लिहिते ते मला कळवा. वडिलांसारखी डावखुरी असेल तर तिला लगामाचे धडे कसे द्यायचे, ते पुढच्या अंकात सविस्तर लिहीन.