बंदूक साफ करणं: कंटाळ्याचं काम की आनंदाचं?

तुम्ही विचारलंय की ज्यांना बंदूक नेमाने साफ करावी लागते, त्यांना ते ओझं वाटतं की त्यात काही मजा असते. मी १७ वर्षं पायदळात काढली आणि नंतर ११ वर्षं एका बँकेच्या दारात बारा बोअरची दुनळी घेऊन उभा राहिलो. पहिली दोन-तीन वर्षं मला या कामाचा मनापासून कंटाळा होता. पुढे गोडी लागली, ती अजून आहे. मधे काय घडलं ते सांगतो, त्यातच तुमचं उत्तर आहे.

१९८९ साली मी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमध्ये रंगरूट म्हणून दाखल झालो. तेव्हा आमच्या हातात एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल होती, ७.६२ एमएमची. सकाळी कोतमधून रायफल काढायची, संध्याकाळी साफ करून कोतमध्ये जमा करायची. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. गोळी झाडलेली असो की नसो, नियम तोच. दिवसभर नुसती खांद्यावर मिरवलेली रायफल संध्याकाळी उघडून पुसायची म्हणजे धुतलेलं ताट पुन्हा धुण्यासारखं वाटायचं. पाय दुखत असायचे, पोटात भूक असायची, आणि उस्ताद म्हणजे आमचे प्रशिक्षक समोर उभे.

तपासणीची पद्धत अशी. ब्रीच म्हणजे नळीचं मागचं तोंड उघडायचं आणि त्यात अंगठ्याचं नख तिरकं धरायचं. नखावर पडलेला उजेड नळीत जातो. उस्ताद मझलला, म्हणजे नळीच्या पुढच्या तोंडाला, डोळा लावतात आणि त्यांना आतलं सगळं दिसतं. एकदा माझ्या रायफलीच्या चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या जागेच्या, कडेला चिंधीचा एक दोरा राहिला होता. दोन सेंटिमीटरचासुद्धा नसेल. मी मनात म्हटलं, एवढ्याशा दोऱ्याने काय बिघडणार? दोन्ही हातांनी रायफल डोक्यावर धरून मैदानाच्या फेऱ्या मारल्या, तेव्हा दंड भरून आले. दोऱ्याने काय बिघडतं ते मात्र त्या दिवशीही कळलं नाही. शिक्षा कळली, कारण कळलं नाही. माझा कंटाळा तिथून होता. कारण माहीत नसलेलं काम रोज करायला लागलं की ते दुसऱ्याचं काम वाटतं.

पलटणीत गेल्यावर एक सुभेदार साहेब भेटले. मूळचे आमच्याच भागातले, कमी बोलणारे. एकदा मी त्यांना सहज सांगितलं की कॉलेजात एनसीसीला असताना आम्ही थ्री नॉट थ्री ही जुनी रायफल चालवली होती, आणि फायरिंग झाल्यावर आमचे हवालदार किटलीतून उकळतं पाणी थेट नळीत ओतायचे. लोखंडात पाणी! मला ते तेव्हा अडाणीपणाचं वाटलं होतं.

साहेबांनी विचारलं, "फोडणीच्या तेलात मीठ टाकलं तर विरघळतं का?"

"नाही साहेब. तळाला बसतं."

"आणि पाण्यात?"

मग त्यांनी नीट समजावलं. जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. घोडा पडून ते पेटलं की मागे पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे आपल्या मिठाचा सख्खा भाऊ. ते नळीत सगळीकडे बसतं आणि मिठासारखंच हवेतली ओल ओढून घेतं. वरून कितीही तेल लावा, तेलाखाली ते तसंच राहतं आणि पोलाद खात बसतं. मिठाच्या बरणीचं पत्र्याचं झाकण पावसाळ्यात कसं होतं ते घरोघरी माहीत आहे. त्याला काढायचं तर पाणीच हवं. आणि पाणी उकळतं का? कारण नळी इतकी तापते की उरलेली ओल आपोआप उडून जाते. मग कोरडी चिंधी, आणि शेवटी तेल.

त्या एका संध्याकाळनंतर माझं सगळं बदललं असं म्हणणार नाही, पण एक सवय लागली: प्रत्येक गोष्टीचं "का" विचारायची. आणि साहेबांकडे प्रत्येकाचं उत्तर होतं.

फुलतरूचंच घ्या. इंग्रजी "पुल थ्रू"चा हा फौजी अवतार. एक मजबूत दोरी, एका टोकाला पितळी वजन, दुसऱ्या टोकाला चिंधी अडकवायला फास. वजन ब्रीचकडून नळीत सोडायचं आणि मझलकडून ओढायचं, एका दमात, मधे न थांबता. का? मधे थांबलं तर चिंधीने गोळा केलेला मळ तिथेच कडं करून बसतो आणि कधीकधी चिंधीच अडकते. ओढताना दोरी नळीच्या बरोबर मध्यातून यायला हवी, कडेला घासता कामा नये. का? गोळी नळी सोडते तो मझलचा शेवटचा काठ तिची दिशा ठरवतो. वर्षानुवर्षं दोरी एकाच बाजूला घासली तर तो काठ झिजतो, आणि मग नेमबाज कितीही चांगला असला तरी गोळ्या विखुरतात. चिंधी चार इंच बाय दोन इंच. तेल लावायची चिंधी त्याहून जरा अरुंद, म्हणजे तेल पिळून निघत नाही.

आणि चेंबर? ते कोरडंच ठेवायचं. काडतूस फुटतं तेव्हा पितळी पुंगळी फुगून क्षणभर चेंबरच्या भिंतीला घट्ट धरते. तिथे तेल असेल तर ती पकड सुटते आणि सगळा दणका मागे ब्रीच ब्लॉकवर, म्हणजे ब्रीच बंद करणाऱ्या ठोकळ्यावर येतो. चेंबरमध्ये चिंधीचा दोरा किंवा कचरा राहिला तर काडतूस पूर्ण बसत नाही, किंवा बसलेलं निघत नाही. मैदानाच्या त्या फेऱ्यांचं कारण मला असं चार वर्षांनी मिळालं.

आता आनंदाचं सांगतो. फायरिंग रेंजवरून आल्यावरची सफाई, तीच खरी. जमिनीवर ग्राउंडशीट अंथरलेली, आठ-दहा जण ओळीत बसलेले, चहाचे मग शेजारी. एसएलआर मधून उघडते, दुनळी बंदूक मोडते तशीच बिजागरीवर. वरचं कव्हर मागे सरकवून काढायचं, मग ब्रीच ब्लॉक आणि कॅरियर, मग पुढून गॅस प्लग आणि पिस्टन. पिस्टनच्या डोक्यावर काजळी जमलेली असते, कडक, तव्याच्या कडेला साचलेल्या थरासारखी. ती खरवडताना नखं काळी होतात. जळलेल्या बारुदाचा आणि तेलाचा मिळून एक वास येतो, तो ज्याने घेतलाय त्याला शब्दांत सांगायची गरज नाही आणि ज्याने घेतला नाही त्याला सांगून कळणार नाही.

याच काजळीने रेंजवर रायफली अडायच्या. गोळी झाडल्यावर नळीतला थोडा गॅस पिस्टनला मागे ढकलतो आणि रायफल स्वतःच पुढची गोळी भरते. काजळी साचली की तो धक्का कमी पडतो, पुंगळी पूर्ण बाहेर पडत नाही. मग रेग्युलेटर दोन-चार खटके फिरवून पिस्टनकडे जास्त गॅस सोडायचा. नवखा पोरगा रायफलला दोष देतो. जो रोज पिस्टन खरवडतो त्याला आवाजावरूनच कळतं की गॅस कमी पडतोय.

शेवटी नळी आभाळाकडे धरून आत बघायचं. साफ नळीत उजेडाची वर्तुळं एकात एक दिसतात आणि त्यांतून रायफलिंगच्या, म्हणजे नळीत कोरलेल्या खाचांच्या, कडा पिळा घालत लांब जातात. काळा डाग नाही, ओरखडा नाही. कोणी तपासायला येणार नसलं तरी मी दोनदा बघायचो. इन्सास ही नवी रायफल आली तेव्हा भाग बदलले, कॅलिबर म्हणजे नळीचं माप ५.५६ झालं, पण हे बघणं तसंच राहिलं.

पण सगळीकडे आनंद होता असं समजू नका. काश्मीरमध्ये उंचावर थंडीत सफाईचा अर्थच वेगळा असतो. खाली जे तेल रायफलीला वाचवतं तेच तिथे घट्ट होऊन तिला अडकवतं. म्हणून चिंधीने पुसून पुसून जवळजवळ कोरडी करायची. दुसरी गोष्ट रायफलीला सुटणाऱ्या घामाची. पहाऱ्यावरून उतरून बुखारी म्हणजे शेगडी पेटलेल्या बंकरमध्ये थंडगार रायफल आणली की तिच्यावर दव धरतं, आतसुद्धा. तशीच पुन्हा बाहेर नेली की ते दव गोठतं आणि बोल्ट, म्हणजे ब्रीच उघडणारा-मिटणारा भाग, हलत नाही. त्यामुळे हत्यार थंड्या जागेतच ठेवायचं, आत आणलंच तर पूर्ण पुसूनच बाहेर न्यायचं. हातमोजे काढून पाच मिनिटं लोखंडाला हात लावणं काय असतं ते तिथे कळतं. तिथे कंटाळाही नव्हता आणि मजाही नव्हती. ते करायचंच होतं.

वर्षातला एक दिवस मात्र मला सगळ्यात आवडायचा, खंडेनवमी. आदल्या दिवसापासून पलटणीतली सगळी हत्यारं अशी घासूनपुसून लखलखीत व्हायची की लग्नघर वाटावं. मग पूजा, झेंडूच्या माळा, हळदकुंकू. घरी आजोबांची तलवार पूजेला काढायचे, तिची आठवण हटकून यायची. पूजा झाली की ओली फुलं आणि कुंकू लोखंडावर फार वेळ राहू द्यायचं नाही, लगेच पुसून तेलाचा हात फिरवायचा. तेही मला पूजेचाच भाग वाटायचं.

निवृत्तीनंतर बँकेत लागलो. ११ वर्षांत एकही गोळी झाडावी लागली नाही, आणि त्याचं मला समाधानच आहे. तरी दर आठवड्याला दुनळी पुसायचो. न झाडलेल्या बंदुकीचा शत्रू बारूद नसतो, हाताचा घाम असतो. घामात मीठ असतं. पावसाळ्यात पुसायचं राहिलं तर काही दिवसांत लोखंडावर बोटाचा ठसाच गंजाने उमटतो. आणि बंदूक तिच्या कव्हरमध्ये महिनोन्‌महिने ठेवू नका. कापड आणि चामडं ओल धरून ठेवतं.

तुम्ही परवाना काढला असेल किंवा काढणार असाल, तर एक गोष्ट जीव तोडून सांगतो. "बंदूक साफ करताना गोळी सुटली" ही बातमी तुम्हीही वाचली असेल. मॅगझिनवालं, म्हणजे गोळ्यांची पेटी लागणारं, हत्यार असेल तर आधी मॅगझिन काढायचं, मग बोल्ट मागे ओढायचा. उलटं केलंत तर मॅगझिनमधली गोळी तुम्ही स्वतःच्या हाताने चेंबरमध्ये भरता. आणि मग डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं. दुसऱ्याच्या शब्दावर कधीच नाही. बँकेत एकदा पाळी बदलताना जोडीदार "रिकामी आहे" म्हणाला. मी नेहमीप्रमाणे दुनळी मोडून बघितली, तर डाव्या नळीत काडतूस होतं. तो माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. त्या रात्री मला झोप आली नाही. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा आणि मगच तेलाची बाटली उघडा.

आमच्या गावात एका शेतकऱ्याकडे पिकाच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक आहे. एका विधानसभा निवडणुकीत नियमाप्रमाणे ती जमा करावी लागली. पावसाळा सरत आला होता. परत मिळाली तेव्हा ती ओलसर गोणपाटात गुंडाळलेली होती आणि नळ्या आतून तांबूस झाल्या होत्या. बिचाऱ्याने घाबरून बाहेरून पॉलिश पेपर घासला, त्याने वरचा निळसर-काळा थरच निघाला, जो गंज अडवतो. मग माझ्याकडे आला. आम्ही ओसरीवर दोन संध्याकाळी बसलो, रॉकेल, पितळी ब्रश, चिंध्यांचा ढीग. गंज निघाला, पण गंजाने पाडलेले खड्डे निघत नसतात, हे मी त्याला सांगितलं. पहिल्या संध्याकाळी तो सारखा विचारत होता, "अजून किती वेळ?" दुसऱ्या संध्याकाळी त्याने एकदाही विचारलं नाही.

आता तो स्वतःच करतो, मला बोलावतही नाही. परवा पारावर भेटला तेव्हा म्हणाला, "मेजर, उजव्या नळीत मागून वीतभर अंतरावर एक बारका खड्डा हाय, बाजरीच्या दाण्याएवढा. त्यो त्या वेळचाच का नवा?"

त्या वेळचाच आहे. मी तो पाहिला होता, त्याला दाखवला नव्हता.