एक हप्ता चुकला म्हणून

मी समुपदेशक आहे. गणपती गेले की माझ्याकडे येणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य असतं, आणि ते दिवाळीपर्यंत काही थांबत नाही. "मॅडम, सगळं वाया गेलं." कुणी मुलाच्या वाढदिवसाला केक खाल्लेला असतो, कुणी गावच्या जत्रेत मटणावर ताव मारलेला असतो, कुणी रात्री दोन वाजता फ्रिज उघडलेला असतो. प्रसंग वेगळे, पण नंतरची वाट तीच. एका दिवसाचं खाणं, मग आठ-दहा दिवस "आता काय उपयोग", आणि मग एखादा सोमवार. त्या सोमवारी कडक उपास.

इतक्या जणांना मी जे सांगते, ते मला सर्वांत नीट समजलं ते एका बाईंमुळे. त्यांना सुनंदाताई म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

ताई सातारा जिल्ह्यातल्या, वय सेहेचाळीस. गावातल्या बचत गटाच्या अकरा वर्षं खजिनदार. रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी 6.2 निघाली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि डॉक्टरांनी आहारतज्ज्ञांकडे पाठवलं. सात आठवडे सगळं छान चाललं. ज्वारीची भाकरी, ताटात भाजी दुप्पट, संध्याकाळी चालणं. तीन किलो वजन उतरलं. मग गौरी आल्या. गौरीजेवणाच्या दिवशी ताईंनी पाच पुरणपोळ्या खाल्ल्या आणि रात्री सगळे झोपल्यावर, दिवा न लावता, ओट्याशी उभं राहून डब्यातल्या करंज्या. दुसऱ्या दिवशी काट्यावर दीड किलो वजन जास्त. त्यानंतर बारा दिवस ताईंनी काहीही आणि कितीही खाल्लं, आणि आहारतज्ज्ञांचा फोन उचलणं बंद केलं. शेवटी लेक त्यांना माझ्याकडे घेऊन आली.

"पहिले पाढे पंचावन्न," ताई म्हणाल्या. "माझ्यात दमच नाही."

"पाच पोळ्या कोणत्या दिवशी खाल्ल्या?"

"गौरीजेवणाला."

"आणि नंतरचे बारा दिवस?"

त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "ते आपलं असंच. मोडलंच होतं ना."

माझं लक्ष त्या "मोडलंच होतं ना" वर खिळलं. मी विवेकनिष्ठ उपचारपद्धती शिकले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास ती मांडायला सुरुवात केली आणि आपल्याकडे डॉ. कि. मो. फडके यांनी ती रुजवली. घडलेला प्रसंग आणि पुढचा त्रास यांच्यामध्ये माणूस मनात एक वाक्य म्हणतो, ते शोधायचं, हा तिचा गाभा. इतक्या वर्षांत मला या गाभ्याचा पश्चात्ताप करावा लागलेला नाही. पोळ्या हा प्रसंग होता. बारा दिवस त्या वाक्याने खाल्ले.

असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. 1975 साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ पीटर हर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्याने कॉलेजच्या मुलींवर एक प्रयोग केला. काहींना आधी मिल्कशेक प्यायला दिलं आणि मग आइस्क्रीमची चव घ्यायला बसवलं, हवं तेवढं खा म्हणून. खाण्यावर बंधन न घालणाऱ्या मुलींनी मिल्कशेकनंतर साहजिकच कमी आइस्क्रीम खाल्लं. सतत बंधनात राहणाऱ्या मुलींनी मात्र मिल्कशेक प्यायल्यावर जास्त खाल्लं. पोट भरलेलं असताना! नियम मोडला होता, मग उरलं काय राखायला?

हे सगळं मी ताईंना समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. पण ती मान मी ओळखते; मास्तरांचं ऐकताना हलते तशी. दुसऱ्या भेटीतही तेच. तिसऱ्या भेटीला त्या गटाची बैठक आटोपून थेट आल्या होत्या, काखेत नोंदवही होती. ती पाहून मला विचारावंसं वाटलं.

"ताई, एखादीचा हप्ता चुकला तर तुम्ही काय करता?"

"दंड. पाच रुपये."

"आणि गटातून काढता?"

"छे हो! हप्ता कुणाचा चुकत नाही? पोरं आजारी पडतात, मजुरी मिळत नाही. पुढच्या महिन्यात भरते."

"मग पुढच्या महिन्यात दोन्ही हप्ते एकदम भरायला लावत असाल."

ताई एकदम खुर्चीत पुढे सरकल्या. पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात खजिनदार ऐकू आली. "अजिबात नाही. सुरुवातीला लावायचो आम्ही. मग कळलं, दोन हप्ते भरायला बाई सावकाराकडून उचलते, आणि त्याच्या व्याजापायी तिसरा हप्ता पण जातो. म्हणून मागचं राहिलेलं थोडं थोडं. चालू हप्ता मात्र वेळेवर पाहिजे."

मी विचारलं, "त्या बारा दिवसांनंतर जो सोमवार आला, त्या दिवशी तुम्ही काय केलंत?"

"उपास. नुसतं लिंबूपाणी." त्या थांबल्या. "आणि संध्याकाळी सात वाजता फरसाणाची पुडी." पुन्हा थांबल्या. बाहेर एसटी स्टँडवरचा भोंगा पुकारत होता, तो आम्ही दोघींनी पूर्ण ऐकला. "म्हणजे मी सावकाराकडून उचललं."

अशा क्षणी समुपदेशकाने तोंड मिटून बसावं. मी बसले.

थोड्या वेळाने त्या स्वतःच बोलल्या, खाली बघत. "तुम्हाला सांगते मॅडम, हप्ता चुकलेली बाई कधी गट बुडवत नाही. हप्ता चुकला म्हणून लाजून जी बैठकीला यायचं सोडते ना, तिचं खातं बुडतं. मी घरी जाऊन आणते अशांना. म्हणते, पैसे नसू देत, तू ये." आणि मग, अगदी हळू, "त्या आहारवाल्या मॅडमचा फोन मी उचलला नाही."

डोळे भरून आले होते. माझेही.

तेव्हापासून एक गोष्ट मला फार ठामपणे वाटते. जास्त खाल्ल्यानंतर आपण स्वतःला शिस्तीची आठवण करून देतो, पण शिस्त त्या माणसात असतेच. सुनंदाताई अकरा वर्षं पै-पैचा हिशेब सांभाळत होत्या. त्यांना मी काय शिस्त शिकवणार? कमी पडत होती ती दुसऱ्या बाईला त्या सहज देत होत्या तशी वागणूक, स्वतःला. माझ्याकडे येणारी बरीच मंडळी इतरांच्या चुकीला पाच रुपये दंड लावतात आणि स्वतःच्या चुकीला जप्ती. पूर्वी मी अशांना युक्तिवादाने पटवायला बघायचे. आता विचारते, तुमच्या कामात कुणी चुकलं तर तुम्ही काय करता? शिक्षक, वायरमन, शिंपीण, प्रत्येकाकडे उत्तर तयार असतं आणि बहुतेकदा ते माझ्यापेक्षा शहाणं असतं.

आता करायचं काय, तेही सांगते. चालू हप्ता म्हणजे पुढचं जेवण. ते नेहमीच्या वेळी, नेहमीएवढं. रात्री जड झालं असेल तर सकाळी भूक लागेपर्यंत तासभर थांबा, पण दुपारपर्यंत ताणू नका. "काल खाल्लं म्हणून आज नाही" हे सावकाराचं कर्ज आहे, संध्याकाळी व्याजासकट वसूल होतं. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असलेल्यांनी तर भरपाईचा उपास करूच नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

काट्यावर चार-पाच दिवस चढू नका. ताईंचं ते दीड किलो घ्या. एक किलो चरबी साठायला शरीराला गरजेपेक्षा साधारण 7,700 कॅलरी जास्त जाव्या लागतात. तुपासकट एक पुरणपोळी साडेतीनशेची धरली, तरी दीड किलोला तीसच्या वर पोळ्या झाल्या, आणि त्याही रोजच्या जेवणाच्या वर. मग ते वजन कसलं? बरंचसं पाण्याचं. गोड आणि पिठूळ खाल्लं की शरीर त्यातली थोडी साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवतं आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. मिठानेही पाणी धरलं जातं. नेहमीचं खाणं सुरू झालं की ते उतरतं. हे गणित कागदावर मांडलं तेव्हा ताईंनी कागद मागून घेतला आणि घडी करून नोंदवहीत ठेवला.

घरच्यांनी त्या दिवशी काही बोलू नये. "काल किती खाल्लंस" हे प्रेमानेही नको. आणि उरलेले डबे शेजारीपाजारी वाटून टाका; अन्न टाकवत नाही म्हणून ते आपल्या पोटात टाकणं, ही आपल्या घरातल्या बायकांची फार जुनी सवय आहे.

त्या दिवशी असं का झालं, हेही आम्ही पाहिलं, पण सगळं शांत झाल्यावर, चौथ्या भेटीत. ताई पहाटे चारला उठल्या होत्या. पुरण, कटाची आमटी, सोळा भाज्या. नैवेद्य होईपर्यंत पोटात कण नाही. मग पुरुष जेवले, पाहुणे जेवले, सवाष्णी जेवल्या, लेकरं जेवली. ताई पानावर बसल्या तेव्हा साडेतीन वाजले होते. साडेअकरा तास उपाशीपोटी पुरणाच्या वासात उभी राहिलेली बाई पाच पोळ्या खाते, यात दम नसणं कुठे आलं? मला त्यात उपाशी शरीर दिसतं. आणि शेवटच्या पंगतीला एकटं जेवणं दिसतं, जिथे किती वाढून घेतलं हे बघायला कुणी नाही आणि "दमलीस गं" म्हणायलाही कुणी नाही. पुढच्या वर्षी पहाटे दूध आणि केळं घ्यायचं, गौरी रागावणार नाही, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. लेकीने सांगितलं, आई सवाष्णींच्या पंगतीत बसेल, मी वाढीन.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा. सणावाराला जास्त खाणं वेगळं. पण आठवड्याला एकदा तरी, तीन महिने, हात आवरत नाही अशा अवस्थेत खाणं होत असेल, लपून खावं लागत असेल, किंवा खाल्लेलं उलटी करून किंवा जुलाबाची औषधं घेऊन बाहेर काढलं जात असेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, कुणाला विचारावं हे सुचत नसेल तर टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

ताई दिवाळीनंतर एकदा भेटून गेल्या. सोबत एक छोटी वही होती, गटाच्या नोंदवहीसारखेच रकाने आखलेली. काय खाल्लं याचा रकाना नव्हताच. तारीख, आणि पुढे "पुढचं जेवण वेळेवर". लक्ष्मीपूजनासमोर लिहिलं होतं: "करंज्या, अनारसे. मोजले नाहीत." त्याखाली दुसऱ्या दिवशीची नोंद: "सकाळी नऊ. भाकरी, मेथी. वेळेवर. आहारवाल्या मॅडमना फोन केला."

लक्ष्मीपूजनाच्या ओळीशेवटी "दंड 5 रु." लिहून खोडलेलं होतं. मी बोट ठेवलं.

"पहिल्या वेळेला माफी असते आमच्यात," ताई म्हणाल्या आणि वही मिटली.